‘खाली’ या शब्दाचं दीड पान

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. मुखपृष्ठावर माझ्या मुलीचं नाव आणि ‘इयत्ता सहावी, गणित’. पहिल्या चार पानांवर तिचे लसावि-मसावि आहेत आणि पाचव्या पानापासून माझी नोकरी. प्रत्येक पानावर एकच शब्द, आणि तो कोण कुठे कोणत्या अर्थानं बोलतं त्याच्या नोंदी. ‘ताका’ला पाऊण पान लागलं. ‘माल आला’ला एक पान. सगळ्यात जास्त, दीड पान, ‘खाली’ला.

तुम्ही कंप्युटरमध्ये नेमकं काय करत होता, असं मला लग्नकार्यात हमखास विचारतात. मी सांगते, लोकांना शब्दांचे अर्थ विचारत होते. मग विचारणारा जिलबी घ्यायला उठतो.

पण खरंच माझं काम तेच होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भिवंडी शहरातल्या एका दोन खोल्यांच्या कंपनीत मी प्रोग्रॅम लिहायची. गिऱ्हाईक म्हणजे लूमचे, यंत्रमागांचे कारखानदार आणि पूर्णा, कशेळीकडे नव्यानं उभी राहिलेली गोडाऊनं. भाताच्या खाचरांत एकेक पत्र्याची शेड उठत होती आणि प्रत्येक शेडला ‘सगळं कंप्युटरवर’ हवं होतं. आम्हाला वाटायचं, कंप्युटरवर घेणं म्हणजे स्क्रीन बनवायची, चौकटी आखायच्या, बटणं लावायची. चौकटीत माणसं काय भरणार आणि जे भरणार त्याचा अर्थ काय, हा प्रश्न आम्हाला पडायचाच नाही. मला पडला, कारण मला जन्मजात चौकशीची खोड आहे. सासूबाई म्हणायच्या, हिला भाजीवाल्याच्या तराजूचंही पूर्वचरित्र हवं.

पहिला दणका ताक्यानं दिला. ताका म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड, एकसलग. बंदराकडच्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले एक कारखानदार होते, सगळे त्यांना काकामियाँ म्हणत. त्यांच्याकडे लूमवरून किती ताके उतरले याची एक स्क्रीन आणि घडी खात्यात, म्हणजे कापड तपासून घडी घालतात तिथे, किती पोचले याची दुसरी, अशी मी झोकात बसवून दिली. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

“मॅडम, जरा या. माझ्या ताक्यांना पिल्लं होतायत.”

जाऊन पाहिलं तर खरंच. कारखान्यातून दहा निघत आणि अंगण ओलांडून घडी खात्यात पोचेपर्यंत अकरा होत. मी प्रोग्रॅम तीनदा तपासला. शेवटी घडी खात्यातल्या माणसाशेजारी स्टूल टाकून बसले. तो कापड उलगडून पाहत होता. मधेच कुठे जाळी दिसली, धागा तुटलेला दिसला की तिथे कात्री लावायचा आणि म्हणायचा, “हे झाले दोन ताके.” लूमवर ताका म्हणजे विणकरानं उतरवलेलं कापड. घडीत ताका म्हणजे निर्दोष सलग तुकडा. शब्द एक आणि वस्तू दोन. काकामियाँ पोट धरून हसले आणि म्हणाले, “चाळीस वर्षं कारखाना चालवतो, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.”

त्या दिवशी घरी येऊन मी मुलीच्या वहीत पहिला शब्द लिहिला.

‘माल आला’चंही तसंच झालं. गोडाऊनच्या वॉचमनच्या मते ट्रक फाटकात शिरला की माल आला. हमालांच्या मते तो उतरला की आला. आणि ज्याचा माल, तो शेठ म्हणायचा, मोजून पावती मिळेपर्यंत आलाच नाही. कशेळीच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की या तीन ‘आला’मध्ये चांगला दीड दिवस जायचा आणि तिघेही फोनवर एकमेकांना खोटारडे म्हणायचे. कुणीही खोटं बोलत नसे.

आता धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कंटाळू नका. प्रोग्रॅम तीन-चार वर्षांत जुना होतो आणि फेकला जातो. त्यातली माहिती मात्र राहते, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाते. म्हणून आधी माहिती नीट मांडायची, कोणत्या शब्दाचा काय अर्थ आणि कोणती वस्तू कोणत्या वस्तूशी बांधलेली, हे ठरवायचं, आणि मग प्रोग्रॅम तिच्या मापाचा शिवायचा. आम्ही उलट करत होतो. आधी झबलं शिवायचो आणि मग त्यात बाळ कोंबायचो. हल्ली या सुलट पद्धतीला भारदस्त इंग्रजी नावं आहेत, तिच्यावर परिषदा भरतात. मला ती पूर्णा गावातल्या एका ओट्यावर कळली, आणि तीही माझ्या हातून एका भल्या माणसाचं नाव चोर म्हणून निघाल्यावर.

जनार्दन म्हात्रे पूर्णा गावचे. ज्या गोडाऊनचे ते स्टोअरकीपर होते, ते त्यांच्याच जमिनीवर उभं होतं. जमीन देताना त्यांनी एकच अट घातली होती की तिथे त्यांना कामाला ठेवायचं. “शेतान रोज जायची सवय हाय, बाय. घरी बसून काय करू?” असं ते मला म्हणाले होते. पन्नाशीचा, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं लावणारा माणूस. शेतात कुठल्या बांधावर काय होतं ते त्यांना जसं पाठ, तसंच आता कुठल्या रॅकमध्ये काय आहे ते पाठ. मी पहिल्यांदा स्क्रीन दाखवायला गेले तेव्हा त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, “ह्याला म्हाईत नसला तर मना इचारल ना?”

स्क्रीनसमोर बसणारा इरफान होता. त्याचे वडील आजमगढहून लूमवर आलेले, हा भिवंडीत वाढला, पण घरात आणि डोक्यात हिंदी. जनार्दनदादा दिवसभरात जे करतील ते मराठीत चिठ्ठीवर लिहून देत आणि संध्याकाळी पाचला इरफान ते चढवी. दोघांचं छान जमायचं. दादांच्या डब्यातली सुकटीची चटणी इरफान खायचा आणि इरफानच्या घरची शेवई दादांकडे जायची.

या दोघांसाठी मी जी स्क्रीन केली, तिच्यात प्रत्येक रॅकला एक स्थिती होती. रॅकमध्ये माल असेल तर ‘भरला’. नसेल तर काय लिहावं, यावर मी बराच विचार केला. ‘रिकामा’ इरफानला परका वाटेल. मग मला सुचलं, ‘खाली’! हिंदीत तर आहेच, आणि भिवंडीत मराठी माणूसही ‘गाडी खाली केली’ म्हणतोच. दोन्ही भाषांना चालेल असा एक शब्द मिळाला म्हणून मी स्वतःवर इतकी खूश झाले की ऑफिसात सगळ्यांना वडापाव दिला.

त्या वर्षी गौरी-गणपतीला दादा पाच दिवस सुट्टीवर होते. नेमक्या त्याच वेळी तिथे माल ठेवणाऱ्या एका शिलाई मशीनवाल्या गिऱ्हाइकानं आपली दहा मशीनं मागवली. इरफाननं स्क्रीनवर पाहिलं, तर एकही मशीन शिल्लक नाही. गिऱ्हाइकाच्या कागदांवर बेचाळीस होती. गोडाऊन चालवणाऱ्या कंपनीचं ऑफिस कशेळीला होतं. तिथून सूदसाहेब आले, दिल्लीकडचे, कामात कडक. त्यांनी दोन दिवस मोजणी करून घेतली. मशीनं मिळाली नाहीत. दादांना सुट्टीतून कशेळीला बोलावलं. तिथे काय झालं ते मला नंतर दोघांकडूनही कळलं. सूदसाहेबांनी विचारलं, मशीनें कहाँ हैं? आणि दादांनी उत्तर दिलं, “साहेब, माल खाली हाय.”

सूदसाहेबांच्या कानांना तो कबुलीजबाब वाटला. माल संपला, असं हा माणूस तोंडावर सांगतो आहे! त्यांनी आवाज चढवला. दादांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा साहेब ‘चोर’ म्हणाले. दादा खुर्चीवरून उठले, गोडाऊनच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि चालते झाले. त्यांना फाटकाच्या आत घ्यायचं नाही, असा हुकूम पूर्ण्याच्या वॉचमनला गेला. ज्या जमिनीत त्यांनी तीस वर्षं भात लावला, तिच्या फाटकावर.

मला शनिवारी गोडाऊनवर बोलावलं. सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायची होती आणि तिला जोडायला कंप्युटरचा पुरावा हवा होता. “रेकॉर्ड निकाल दीजिए, मॅडम,” सूदसाहेब म्हणाले. “मशीन झूठ नहीं बोलती.” मीही तेव्हा असंच मानायची.

छापील कागद हातात घेऊन मी पाहत बसले. सात रॅक, प्रत्येकात सहा मशीनं, एकूण बेचाळीस. तीन दिवसांत, एकामागून एक, सातही रॅकची स्थिती ‘खाली’. माल बाहेर गेल्याचं चलन एकही नाही. माझ्या प्रोग्रॅमनं चलन मागितलंही नव्हतं. ‘खाली’ दाबलं की आकडा शून्य, इतकं सोपं मी करून ठेवलं होतं. पण मला टोचत होतं ते निराळंच. नोंदी संध्याकाळी पाचच्या, म्हणजे चिठ्ठ्यांवरून केलेल्या. चोरी करणारा माणूस रोज चिठ्ठी लिहून देतो?

इरफाननं चिठ्ठ्यांची फाइल काढली. त्याचे डोळे सुजलेले होते. “देखो मॅडम, दादा ने खुद लिखा है. मैं तो जो लिखा वही डाला.”

चिठ्ठीवर दादांचं वळणदार अक्षर: ‘ए-१४ खाली. शिलाई मशीन. ६.’

आणि मी ते वाचलं, जन्मानं मराठी, सातवीत निबंधाला बक्षीस मिळवलेली बाई, आणि मलाही त्यात काही दिसलं नाही. त्या स्क्रीनसमोर बसून बसून मी ‘खाली’ हा शब्द फक्त माझ्या चौकटीतल्या अर्थानं वाचायला शिकले होते. याची मला आजही लाज वाटते.

मी दादांच्या घरी गेले. पुरावा काढून देणारी बाई आरोपीच्या घरी जाते, हे बरोबर नाही हे कळत होतं, पण चौकशीची खोड. घर गोडाऊनच्या मागेच, चार पायऱ्यांचा ओटा असलेलं. दादा ओट्यावर बसले होते. खिशात पेनं नव्हती. मी विचारलं, मशीनं कुठे आहेत?

“शंभर वेला सांगला, खाली हाय. आता न्हाय सांगनार,” ते म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

त्यांच्या बायकोनं, सगळे तिला बेबीवहिनी म्हणायचे, चहा दिला. तोही त्यांनी प्यायला नाही. ती मला हळूच म्हणाली, “गावान कुनाच्या दारी जात न्हाय. गौरी इसर्जनाला पन खाडीवर न्हाय आला. शेत दिला नि चोर झाला, असा बोलतान लोका.” मी चहा संपवून उठले. ओट्यावर काढलेल्या चपला दिसेनात. मी इकडे तिकडे बघू लागले तशी वहिनी आतून म्हणाली,

“बाय, चपला खाली हायेत. उनान तापत होत्या म्हनून मी सरकवल्या.”

चपला शेवटच्या पायरीशी, सावलीत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. एक पाय पायरीवर, एक हवेत. बेबीवहिनीला वाटलं मला चक्कर आली.

मी वळून दादांना विचारलं, “दादा, मशीनं आधी कुठे होती?”

“वर.”

“आणि मग?”

आता ते वळले. माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अगदीच मंद मुलीकडे पाहावं. “मगं खाली उतरवली. जड हायेत. वरच्या फळीवरनं काढताना एक हमालाच्या पायावर पडली, आंगठा फुटला त्याचा. म्हनून सगल्या रॅकची वरची मशीनं खालच्या फळीवर घेतली. नि चिठ्ठी दिली. तुमचा कंप्यूटर बोलला होता ना, काय बी हलवला तर चिठ्ठी द्या.”

मी तशीच गोडाऊनकडे पळत सुटले, चपला घालायच्या राहिल्या. इरफानला हाताला धरून ए-१४ पाशी नेलं. दोघं गुडघ्यांवर बसलो. तळाच्या फळीवर, आतल्या अंगाला सरकवलेली, सहा खोकी होती. ए-१५ मध्ये सहा. ए-१६ मध्ये सहा. इरफान मोठ्यानं मोजत होता आणि मधेच रडत होता. बेचाळीस भरली.

मग इतक्या माणसांनी दोन दिवस मोजणी करून ती दिसली कशी नाहीत? त्याचं उत्तरही माझ्याकडेच होतं. मोजणीची यादी माझा प्रोग्रॅम छापायचा, आणि कागद कमी लागावा म्हणून मी त्यात फक्त ‘भरला’ असलेले रॅक छापत होते. जो रॅक यादीतच नाही, त्याच्याकडे कोण वाकून बघणार? एका हमालानं म्हणे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “कंप्यूटर खाली बोलता है, माल तो पडा है.” त्याला सांगितलं, तू यादीप्रमाणे मोज.

सूदसाहेब आले, त्यांनी खोकी पाहिली, आणि मी दोन्ही अर्थ समजावल्यावर मोठ्यानं हसले. “अच्छा! गलतफहमी हो गई.” पण ते माणूस म्हणून वाईट नव्हते. स्वतः चार पायऱ्या चढून दादांच्या घरी गेले आणि किल्ल्या परत दिल्या. गौरीचा प्रसाद मागून घेतला. दादांनी किल्ल्या घेतल्या.

मंगळवारी मी नोंदी दुरुस्त करायला बसले. शनिवारची रात्र आणि रविवार खपून मी प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट घातली होती: झालेली नोंद कुणालाही पुसता येणार नाही. चुकली तर तिच्यापुढे दुरुस्तीची ओळ येईल, आणि त्या ओळीत कारण व जबाबदार माणसाचं नाव लिहिल्याशिवाय स्क्रीन पुढे जाणार नाही. माझ्या मागे दादा आणि इरफान उभे होते. कारणाच्या चौकटीत मी लिहिलं, ‘शब्दाची चूक’. नावाची चौकट रिकामी ठेवून पुढे जायला पाहिलं. स्क्रीन जाईना.

“इरफानचा घालू नका,” दादा मागून म्हणाले. “त्याला जसा शिकवला तसा त्यानं वाचला.”

“दादा का तो बिलकुल मत डालो,” इरफान म्हणाला.

“शब्दाचं नाव घालता येईल का बघते,” मी थट्टेवारी नेली. कोणी हसलं नाही.

“तो शब्द तिथं ठेवला कोनी, बाय?” दादांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी माझं नाव घातलं. सुनंदा वैद्य. सात ओळींत, सात वेळा. स्क्रीन निमूट पुढे गेली.

नंतर मी सगळंच मोडून पुन्हा मांडलं. आधी वही घेऊन महिनाभर नुसती गोडाऊनमध्ये फिरले. रॅक म्हणजे एक जागा नाही, त्याला वरची, मधली, तळाची फळी असते, हे मांडणीत आलं. माल बाहेर जाणं आणि जागा मोकळी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आलं. चलनाशिवाय आकडा कमी होईना. ‘खाली’ हा शब्द मी स्क्रीनवरून काढून टाकला. ‘तळाची फळी’ आणि ‘रिकामी’. इरफान दोन दिवसांत ‘रिकामी’ शिकला आणि वर मलाच शिकवू लागला. काही वर्षांनी कंपनीनं मोठं, बाहेरून विकत घेतलेलं सॉफ्टवेअर बसवलं. माझा प्रोग्रॅम गेला. माहिती मात्र नव्या घरात जशीच्या तशी गेली आणि तिच्याबरोबर माझं नाव असलेल्या त्या सात ओळीही. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट जिथे जिथे मी काम केलं तिथलं माझं लिहिलेलं आता काहीही उरलेलं नाही, तेवढ्या सात ओळी आहेत.

हे सगळं मी परिषदेत सांगितलं असतं तर इथे टाळ्यांसाठी थांबले असते. पण त्याच्या पुढच्या वर्षी दादांनी मला गौरीच्या जेवणाला बोलावलं होतं, तेही सांगायला हवं.

दादा खुशीत होते. खिशात पेनं परतली होती. गावातली माणसं येत होती, जात होती. जेवताना बेबीवहिनी स्टुलावर चढून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढत होती. तिचा तोल जातोसा वाटला म्हणून दादा ताटावरून ओरडले, “अगं, ती बरनी दे नि तू...” आणि थांबले. घास हातात तसाच. तोंडापर्यंत आलेला शब्द त्यांनी गिळलेला मला स्पष्ट दिसला. मग म्हणाले, “तू भुईवर उतर.”

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं बरणी माझ्यापुढे ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “वरीस झाला. घरान पन त्यो शब्द न्हाय बोलत. भुईवर बोलल, तलाला बोलल. पन त्यो न्हाय.”

दादा मान घालून जेवत राहिले. घरी येऊन मी वही उघडली. ‘खाली’चे तोवर जवळजवळ दीड पान अर्थ झाले होते, कोण, कुठे, कसा. त्यापुढे मी आणखी एक नोंद केली: जनार्दन म्हात्रे, पूर्णा. हा शब्द त्यांच्याकडे होता. आता नाही.

उरलेलं अर्धं पान मी कोरंच ठेवलं आहे.